फॅमिली ग्रुप: मी गेल्यावर देहाचं काय करायचं

आत्या: सगळ्यांनी शांतपणे वाचा. मला काही झालेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे म्हणूनच आत्ता लिहितेय. मी गेल्यावर आधी डोळे द्यायचे आणि मग देह मेडिकल कॉलेजला. फॉर्म आणून ठेवलाय, साक्षीदार म्हणून घरातल्यांच्या सह्या हव्यात. मृत्युपत्रातही तसं लिहिणार आहे.

अण्णाकाका: सकाळी सकाळी हे काय. असले विषय ग्रुपवर नकोत. मुलं वाचतात.

आत्या: मुलांसाठीच लिहितेय अण्णा. मी गेले की ठरवायचं त्यांनाच आहे, आणि ते पण रडत रडत. त्यापेक्षा आत्ता माझ्या तोंडून ऐकलेलं बरं नाही का?

ताई: आत्या सही मी करते. पण मृत्युपत्राच्या भरवशावर राहू नकोस ग. ते कपाटातून निघतं कधी, तर सगळं उरकल्यावर, वाटणीचं बोलणं निघालं की. डोळे साधारण ६ तासांच्या आत काढावे लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं. वॉर्डमध्ये मी कितीदा बघते, माणूस गेलेला असतो आणि बाहेर भाऊभाऊ हुज्जत घालत असतात की त्यांची इच्छा होती का नव्हती, एक म्हणतो मला बोलले होते, दुसरा म्हणतो मला कधीच नाही बोलले, आणि वेळ निघून जाते. आणि फॉर्म भरलेला असला तरी बहुतेक ठिकाणी घरचे नाही म्हणाले की डॉक्टर पुढे जात नाहीत. म्हणजे कागदापेक्षा घरच्यांना माहीत असणं जास्त महत्त्वाचं.

दादा: डोळे आणि देह दोन्ही देता येतं का? मला वाटायचं एकच काहीतरी.

ताई: डोळे दिल्यावर देह सहसा घेतात. पण किडनी, लिव्हर वगैरे काढलं असेल तर बरीच कॉलेजं नाही म्हणतात, मुलांना शिकायला शरीर आतून जसंच्या तसं लागतं ना. पोस्टमॉर्टेम झालं असेल तरी नाही, काही संसर्ग असतील तरी नाही. म्हणून आत्या, फॉर्मच्या मागे दुसरी इच्छा पण लिहून ठेव, कॉलेजने नाही म्हटलं तर दहन का दफन, कुठे, किती लोकांना बोलवायचं. नाहीतर देहदान करायचं होतं म्हणून सगळे थांबून राहतात आणि ऐनवेळी नकार आला की कोणाला काही सुचत नाही.

दादा: मग किडनी, हार्ट कधी देतात?

ताई: ते घरी गेलेल्या माणसाचं नाही होत. बहुतेक वेळा माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो, मेंदू कायमचा बंद पडलेला पण हृदय चालू, तेव्हाच. छाती वरखाली होत असते, हात गरम असतो आणि डॉक्टर सांगतात की ते गेले. त्या क्षणी हो म्हणणं किती अवघड असेल विचार करा. ज्यांना आधीपासून माहीत असतं की त्यांना द्यायचं होतं त्यांचं निदान हे एक ओझं तरी कमी होतं.

दादा: हो, १९६७ मध्ये केपटाऊनला हार्टचं पहिलं ट्रान्सप्लांट झालं ना, बर्नार्ड नावाच्या डॉक्टरांनी केलं होतं, तेव्हा हार्ट देणारी मुलगी २५ वर्षांची होती. गाडीने उडवलं, आई जागीच गेली आणि हिचा मेंदू गेला. वडिलांना विचारलं, त्यांनी काही मिनिटांत हो म्हटलं. तिची एक किडनी एका १० वर्षांच्या मुलाला मिळाली. मला त्या वडिलांचंच जास्त वाटतं, बायको गेलेली, मुलगी गेलेली आणि त्याच दिवशी हे ठरवायचं, एकट्याने.

काकू: मला एक विचारायचं होतं, डोळे काढल्यावर चेहरा कसा दिसतो? माझं मोतीबिंदूचं झालंय आणि शुगर पण आहे, माझे चालतील का?

ताई: चालतील काकू. चष्मा, मोतीबिंदू, शुगर, वय, कशाचीच अडचण नाही. १५-२० मिनिटांचं काम असतं, घरी येऊनही करतात. पापण्या नीट मिटवतात, बघणाऱ्याला कळतही नाही. टीम येईपर्यंत आपण एवढंच करायचं, पंखा बंद, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं वर, पापण्या मिटवून वर स्वच्छ ओला कापूस. पंखा कोणाच्या लक्षातच येत नाही, गर्दी असते म्हणून उलट फुल्ल लावतात आणि त्या वाऱ्याने बुबुळ सुकतं.

दादा: आत्या एक विचारू, राग मानू नकोस. देह कॉलेजला दिला की आम्हाला अस्थी लगेच मिळत नाहीत म्हणे, कधीकधी मिळतच नाहीत. आम्हाला काहीतरी लागेल ना ग.

आत्या: राग कसला. विचारलंस ते बरं केलंस. फोन केल्यावर गाडी यायला वेळ लागतो, तेवढ्यात जवळ बसा, रडायचं तेवढं रडा, काय म्हणायचं ते म्हणा. मी ते अडवत नाही. पण नंतर मला शिकणाऱ्या मुलांकडे जाऊ द्या. ज्याला उद्या जिवंत माणसाचं पोट उघडायचंय त्याचा हात आधी माझ्यावर चुकू दे, माझं काही दुखणार नाही. मी पुष्कळ विचार केलाय रे ह्यावर.

दादा: ठीक आहे. फोन मी करणार. नंबर मला आणि ताईला दोघांना दे, एकजण गावाला असला तर दुसरा.

अण्णाकाका: सगळं वाचलं. मला ह्यातलं काही द्यायचं नाही. आलो तसा पूर्ण जाईन आणि दहनच करा. हे चुकीचं वाटत असेल तर वाटू दे.

आत्या: चुकीचं का वाटेल अण्णा. तुझा देह आहे. तू सांगितलंस हेच हवं होतं, आता तुझ्या मागे कोणी उगाच मोठेपणा दाखवायला काही ठरवणार नाही.

काकू: इतकी वर्षं झाली, हे मला पण आजच कळलं ह्यांच्याकडून.

ताई: काका तुम्हाला पेसमेकर आहे, दहन असेल तर तो आधी काढायला सांगावं लागतं हं. आत बॅटरी असते, उष्णतेने फुटते, भट्टीजवळच्या माणसाला इजा होऊ शकते. छोटंसं काम असतं पण कोणीतरी आठवणीने सांगायला हवं.

अण्णाकाका: हे माहीत नव्हतं. बसवताना दिलेलं कार्ड पाकिटात मागच्या कप्प्यात आहे.

दादा: काका त्याचा फोटो मला पाठवून ठेवा, ग्रुपवर नको, वेगळा.

अण्णाकाका: पाठवतो.

आत्या: वहिनी तुमचं डोळ्यांचं नक्की का? मग अजून एक फॉर्म आणते.

काकू: आणा. सही करायला हेच बसतील शेजारी.