कोकणात घडणारी हार्डबॉइल्ड (रोखठोक, कडवट वळणाची) डिटेक्टिव्ह कादंबरी: गुन्हा कोणता घ्यावा?

रातांबा
मुंबईहून आलेला खाजगी डिटेक्टिव्ह, रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं काल्पनिक गाव, एक बेपत्ता माणूस. निसर्गाची नासाडी नुसती पार्श्वभूमीला नको, सगळं कथानक तिच्यावर उभं राहायला हवं. वाळू, रासायनिक सांडपाणी आणि कांदळवन असे तीन पर्याय डोक्यात आहेत. कुठला घ्यावा? शिवाय डिटेक्टिव्हला नक्की काय करता येतं? शैलीवर सल्ला नको, तपशील हवेत.

सामाईक खातेदार
कांदळवन घ्या. वाळूत पैसा आहे, पण तिथे गुन्हेगार पहिल्या पानावरच ओळखू येतो. कांदळवनात त्याला कागदांत शोधावं लागतं.

तिवर (कांदळवनातलं झाड) मारायला कुऱ्हाड लागत नाही. खाडीचं पाणी ज्या चराने आत येतं त्या चरावर मातीचा बांध घालायचा, वर रस्त्याच्या कामाचा भराव टाकायचा. जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं गाडली जातात, भरतीचं पाणी फिरत नाही, झाडं उभ्या उभ्या वाळतात. मग पंचनाम्यात 'झाडे वाळलेली आढळली' एवढंच येतं, तोडणारा कोणीच नसतो. डिटेक्टिव्हने उपग्रहाची जुनी चित्रं तारखांनुसार लावली तर आधी बांध दिसतो, नंतर हिरव्याचं तपकिरी होताना दिसतं. क्रम हाच पुरावा.

हेतू सोपा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेश दिला आणि २०१८ च्या निकालात तो कायम केला: जमीन कोणाचीही असो, कांदळवनाच्या चहूबाजूंनी ५० मीटरमध्ये बांधकाम नाही. म्हणजे रिसॉर्टवाल्याला फक्त तिवराखालची जागा मोकळी करून भागत नाही, तिवर तिथे कधी नव्हतेच असं दाखवावं लागतं.

आता सातबारा. कोकणातल्या सातबाऱ्यावर चाळीस नावं सामाईक असतात, अर्धी मुंबईत, काही मयत, वारस तपास झालेला नाही. दलाल त्यातल्या एकाचं कुलमुखत्यारपत्र करतो आणि बाकीच्यांच्या सह्या 'मिळवतो'. तुमच्या डिटेक्टिव्हने ताजा सातबारा बघून थांबू नये, मागचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) एकेक काढावेत. मयत माणसाने मृत्यूनंतर सही केलेला फेरफार सापडणं हे पिस्तूल सापडण्याइतकंच मोलाचं.

उधाण
वर +१, पण रात्रीचे प्रसंग वाळूवाल्यांशिवाय फिके पडतील. दुय्यम धागा म्हणून ठेवा, मात्र शब्द बरोबर वापरा. हातपाटी म्हणजे माणसाने बुडी मारून काढलेली वाळू. बोटीवरचा सक्शन पंप वेगळा, त्याचा आवाज रात्री खाडीपलीकडे ऐकू जातो. माप ब्रासमध्ये, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. पावती दोन ब्रासची आणि डंपरात चार, ही नेहमीची चलाखी. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. म्हणून पकडला गेलेला मालक आधी पंचनाम्यातले ब्रास कमी करून घ्यायला धावतो.

भरतीचं गणित चुकवू नका. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा, चतुर्थीला तीन, दिवसाही आणि रात्रीही. पौर्णिमेनंतर तिथी परत एकपासून मोजायच्या. भरलेली बोट पाण्यात खोल बसते, धक्क्याला लागायला तिला भरती लागते. उथळ धक्क्यावर ओहोटीला वाळू उतरवलीत तर इथला कोणताही वाचक पुस्तक मिटेल.

काचेची बाटली
सांडपाण्याकडे जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगतो, कारण त्यातच तुमची कादंबरी दडली आहे. डिटेक्टिव्हने रात्री नाल्यातून भरून आणलेली बाटली न्यायालयात काहीच सिद्ध करत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी घेतो. कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या. यातली पायरी गळली की अहवाल कितीही वाईट असो, वकील तो बाजूला सारतो. नायकाला सत्य कळतं आणि ते वापरता येत नाही. हार्डबॉइल्डला याहून काय हवं?

तरीही तो स्वतःसाठी नमुना घेईल. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत घेऊन दोन दिवसांनी प्रयोगशाळेत दिला असं लिहू नका. सीओडीसाठी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि बर्फात ठेवायचं. तेल आणि ग्रीससाठी काचेचीच बाटली, कारण प्लास्टिकला तेल चिकटतं. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच रसायनं घालून पक्का करावा लागतो, नाहीतर वाटेत आकडा बदलतो. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्याची सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, एवढा एक आकडा पुरे. जास्त टाकलेत तर अहवाल वाचल्यासारखं होईल.

मासे मरायची वेळ पहाटेची ठेवा. रात्री शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, फक्त वापरतं, त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. आणि साठवलेलं सांडपाणी पहिल्या जोरदार पावसात सोडलं जातं, लाल पाण्यात रंग लपतो.

तिसरी सही
डिटेक्टिव्हविषयी. आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही. नियमनाचं विधेयक २००७ साली आलं, कायदा झाला नाही. म्हणजे ओळखपत्र त्याने स्वतःच छापलेलं असतं. अटक नाही, झडती नाही, पोलिसी कागद मागायचा हक्क नाही. फोनचे सीडीआर (कोणी कोणाला कधी फोन केला त्याच्या नोंदी) 'ओळखीतून' मिळवले असं सहज लिहू नका, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच कारणावरून खाजगी डिटेक्टिव्हांना अटक केली होती. पिस्तूल तर नकोच. गावात बंदूक दिसेल ती शेती संरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी. ठासणीची असेल तर एक बार उडाल्यावर परत भरेपर्यंत माणूस पळून जातो. हाणामारीचा प्रसंग यावर बेता.

माहिती अधिकाराने वेग मरतो: १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस वाट. म्हणून अर्ज डिटेक्टिव्हने करू नये, बेपत्ता माणसाने आधीच केलेला असावा. उत्तराचं पाकीट तो नाहीसा झाल्यावर घरी येतं आणि ते फोडणारी व्यक्ती अशील होते.

रातांबा
मंडळी, सोनं दिलंत. मग असं जमेल का? बेपत्ता माणसाचं प्रेत खाडीच्या मुखाशी सापडतं. संशयित म्हणतो, अष्टमीला रात्री बाराला मी खाडीच्या छोट्या फाट्यातून होडी आत आणली. तेव्हा ओहोटी असते, म्हणून खोटं उघडं पडतं.

उधाण
गणित बरोबर, तिथी चुकली. अष्टमीला भांग (कमजोर भरती-ओहोटी) असते, पाणी फार उतरत नाही, हलकी होडी कदाचित निघेलही. अमावास्या घ्या. भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, पूर्ण ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला, आणि उधाणाची ओहोटी असल्यामुळे फाट्यात गुडघाभर चिखल. 'पहाटे साडेपाचला होडी आणली' म्हणणारा माणूस तिथेच संपला.

काचेची बाटली
प्रेताबद्दल: माणूस जिवंत बुडाला तर पाण्यातले डायटम (कवचाचं सूक्ष्म शेवाळ) रक्तातून हाडाच्या मज्जेत पोचतात; मेल्यावर टाकला तर फुप्फुसापलीकडे सहसा जात नाहीत. खाऱ्या आणि गोड्या पाण्यातले डायटम वेगळे. प्रेत मुखाशी, मज्जेत मात्र गोड्या पाण्यातले, म्हणजे बुडवला वरच्या बाजूला. मात्र तुलनेसाठी त्या त्या जागेचं पाणी सोबत पाठवावं लागतं, आणि तेच कोणीतरी विसरतं. शिवाय ही चाचणी न्यायालयात शेवटचा शब्द मानली जात नाही, डायटम नाही सापडले म्हणून बुडला नाही असंही होत नाही.

सामाईक खातेदार
दोन किरकोळ गोष्टी. गाव दापोली-गुहागर पट्ट्यात असेल तर पात्रांच्या तोंडी 'खंय' आणि 'मेल्या' घालू नका, ती मालवणी, सिंधुदुर्गाकडची. तिकडे बाणकोटी किंवा संगमेश्वरी. आणि पाठलाग लिहिताना दाभोळ-धोपावे फेरीबोट वापरा. शेवटची फेरी चुकली तर समोरच दिसणाऱ्या काठासाठी चिपळूणवरून वळसा.

रातांबा
अमावास्या पक्की. पाकीट फोडणारी त्याची बहीण असेल, आणि सातबाऱ्यावर तिचंही नाव असेल.