वर्गात जिंजरब्रेड हाऊस, भिंती टिकतच नाहीत!

पहिलीची मुलं आहेत, आल्याच्या बिस्किटांचं छोटं घर (जिंजरब्रेड हाऊस) बनवायचंय. मागच्या वेळी छप्पर ठेवलं की भिंती घसरायच्या, एक मुलगी तर दोन्ही हातांनी घर धरून रडवेली होऊन बसली होती, बघवेना. काय करू?

—
ताई, दुधाचा छोटा रिकामा खोका धुवून वाळवा आणि त्यालाच बिस्किटं चिकटवा. हे आदल्या दिवशी तुम्हीच करा, रात्रभर सुकू दे, मुलांना फक्त सजवायला द्या.

—
भिंती चिकटवायचं आयसिंग (साखरेचा लेप) पातळ झालं असणार. कच्च्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) घ्या, चमचा उभा राहील इतकं घट्ट फेटा आणि वाटीवर ओलं फडकं टाका, नाहीतर लगेच कडक होतं. आणि पालकांना अ‍ॅलर्जीचं आधीच विचारा हं, गहू, अंडं, नट्स, सगळं.

—
खोक्याची आयडिया भारीच! तो ताटलीला पण चिकटवू का?

—
हो, आधी तेच करा.