विंडोज १० नंतर जुन्या मशीनचं काय केलंत? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. मशीन चालतंय, सुरक्षेचे अपडेट थांबले. दुकान, कारखाना, घर, जिथे जे केलंत ते नेमकं लिहा. ‘नवीन घ्या’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या.

नवी पेठ, असेंबलिंग
सुटे भाग घेण्याआधी एमएसइन्फो३२ (मशीनची माहिती दाखवणारं विंडोजचंच टूल) उघडा. विंडोज ११ टाकायचं तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा हवा. ११ला टीपीएम ही सुरक्षेची सोयही लागते, पण ‘टीपीएम नाही’ दिसलं म्हणून बोर्ड बदलू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेलला पीटीटी, एएमडीला एफटीपीएम नावाने ते बंद करून ठेवलेलं असतं.

बायोस मोड ‘लेगसी’ म्हणजे जुना असेल तर डिस्क जीपीटी या नव्या पार्टिशन पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी आहे: आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. आपल्याकडची असेंबल मशीनं नेमकी इथे अडतात. डी, ई, एफ ड्राइव्ह एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये पाडलेले असतात आणि हे टूल ते घेतच नाही. प्रायमरीसुद्धा तीनपर्यंतच. डेटा बाहेर काढा, एक्स्टेंडेड उडवा, पुन्हा व्हॅलिडेट करा. कन्व्हर्टनंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद करून यूईएफआय (नवा बूट मोड) लावायचं, नाहीतर मशीन बूट होत नाही.

आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल आधीच बदला. तो उतरला असेल तर लाइट गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातो, आणि लोक विंडोजला शिव्या देतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्याचे हिशेब
प्रोसेसरचं ठीक आहे, आधी जुना प्रोग्राम बघा. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. डॉसवरच्या फॉक्सप्रोतला मजुरीचा प्रोग्राम ३२ बिट विंडोज १०वर चालत असेल, तरी ११वर थेट उघडणार नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोमधला सहसा चालतो. डॉसवाल्यासाठी डॉसबॉक्स-एक्स (विंडोजमध्ये जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या. साध्या डॉसबॉक्सला प्रिंटरची सोय नाही, आणि डॉट मॅट्रिक्सवर चलन निघालं नाही तर उपयोग काय? कॉपी करताना नुसत्या डीबीएफ (डेटाच्या) फाइली नकोत, इंडेक्स आणि मेमोच्या फाइलींसकट अख्खा फोल्डर घ्या.

मशीन उघडलंच आहे तर हीटसिंकमधले कापसाचे तंतू ब्लोअरने काढा, पंख्याचं पातं धरून.

विजापूर रोड
सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप रुफसने (विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवणारं टूल) हार्डवेअरची टेस्ट वगळून ११वर नेला तर चालेल का?

नवी पेठ, असेंबलिंग
चालतो, पण मायक्रोसॉफ्टची हमी नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा हाताने टाकावी लागते. कोअर टू डुओवर मात्र नादच सोडा, ११च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ ही सोय लागते, ती त्यात नाही.

जुळे सोलापूर
विजापूर रोड, घाई नसेल तर ईएसयू (विंडोज १०साठी मुदतीनंतरचे सुरक्षा अपडेट) घ्या. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज १०ची आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. दरम्यान हार्डडिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी टाका, फरक तिथेच दिसतो. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला रॅम वाढवताना डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टचीच मागा.

सात रस्ता, डीटीपी
नुसतं ब्राउझर आणि मेल असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची मोफत सिस्टिम) उत्तम. टॅली असेल तर विंडोजच. फॉरमॅट मारण्याआधी जुने मराठी फॉन्ट वेगळे कॉपी करा. युनिकोड नसलेल्या फाइली त्यांच्याविना वाचता येत नाहीत.