मदत हवी आहे : कॅनव्हासच्या तंबूवर बुरशी, आणि नवा घ्यायचाय

नमस्कार मंडळी. दरवर्षी आषाढात आम्ही घरचे आठजण पन्हाळा ते पावनखिंड चालतो. गेल्या वर्षी मसाई पठाराच्या पुढं मुक्काम केला, रात्रभर पाऊस. सकाळी तंबू ओलाच गुंडाळला आणि घरी येऊन माळ्यावर टाकला. आठवड्यानं उघडला तर कुबट वास, आणि शिवणीच्या कडेनं मोहरीएवढे काळे ठिपके. वडिलांनी घेतलेला तंबू आहे, फार जीव लागलाय त्याच्यावर.

मऊ ब्रशनं कोरडी बुरशी झाडली, साध्या पाण्यानं पुसलं. साबण लावला नाही, त्यानं कापडाचं पाणी अडवणारं लेपन जातं. डाग मात्र तसेच आहेत. कापड कमजोर न करता ते कसे काढायचे? आणि लेपन पुन्हा घरी देता येतं का?

दुसरं, नवा घ्यायचा झाला तर २८५ जीएसएमचा (म्हणजे कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) पुरेल की ३५० च्या वरचाच बघू? जाड कापड टिकतं, पण भिजलं की उचलवत नाही. निव्वळ सुती की पॉलिस्टर मिसळलेलं? नवा तंबू आधी दोन-तीनदा भिजवून वाळवला की धागे फुगून सुईची भोकं बुजतात, तेवढं करीनच.

गगनबावड्याकडं पावसाळ्यात तंबू वापरलेल्यांनी जरूर सांगा. आणि कोल्हापुरात जुन्या तंबूची शिवण नीट घालून देणारा कारागीर कुठं भेटेल?