पीचवरचं फुलं जाळायचं औषध द्राक्षाला चालेल का?

थॉमसनवाला_अथणी:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबर छाटणी झालीय, घड पोपटी अवस्थेत, म्हणजे फुलायच्या आधीचे कोवळे हिरवे आहेत. कात्रीनं मणी विरळायला येणाऱ्या अक्का यंदा ऊसतोडीला जाणार म्हणतात. बाहेरच्या देशात पीचच्या फुलोऱ्यावर अमोनियम थायोसल्फेट फवारून जास्तीची फुलं जाळतात, असं वाचलं. द्राक्षावर कुणी करून बघितलंय का?

कागवाडचे_काका:
दादा, हात जोडून सांगतो, घडावर ते मारू नका. ते मुळात नत्र-गंधकाचं खत. पीचला एका फुलाचं एक फळ, आणि झाडावरची फुलं पुढंमागं उमलतात. आधीची फळं धरली की उरलेली फुलं करपवायची, असा तो हिशेब. फवारल्यावर कडाका पडला तर राहिलेलीही जातात, म्हणून तिथं अजून पुष्कळ जण फळं सुपारीएवढी झाल्यावर हातानंच, वीतभर अंतर ठेवून विरळतात. आपल्या घडात शेकडो फुलं एका दांड्यावर. त्यातलं कुठलं जळणार, कुठलं राहणार? दांडा करपला तर घडच गेला.

आपल्याला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवकच बरं. आता १० पीपीएम, चार-पाच दिवसांनी १५. पाकळ्या (घडाच्या दांड्याचे बाजूचे फाटे) लांबतात, घड मोकळा होतो, कात्रीचं काम निम्म्यावर येतं. फुलोऱ्यातला जीए मणीगळ करतो खरा, पण प्रमाण चुकलं की घडात बारीक गोळी मणी राहतात. तो तुमची बाग पाहिलेल्या माणसाला विचारूनच.

बेदाणा_तेलसंग:
बेदाणा करणार असाल तर एवढ्या विरळणीची गरजच काय?

थॉमसनवाला_अथणी:
नाही हो, माल खायचाच, बेंगळूरला जातो. काका, गेल्या वर्षीही १० पीपीएम दिला होता, पाकळी हललीसुद्धा नाही.

कागवाडचे_काका:
पाणी बोअरचं ना? आपल्या भागात ते खारं. सामू (पीएच) वर असला की जीए टाकीतच वाया जातो. आधी पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून सामू साडेपाच-सहावर आणा, पट्टीनं बघा. १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. पूड थेट टाकीत टाकू नका, थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून मग ओता. फवारणी सकाळी लवकर. आणि दोन ओळी कोऱ्या सोडा, नाहीतर फरक जीएनं पडला की हवेनं, ते कळायचं नाही.

थॉमसनवाला_अथणी:
पट्टी आजच आणतो काका. कोऱ्या ओळी ओढ्याकडच्या सोडू का रस्त्याकडच्या?

कागवाडचे_काका:
मधल्या. कडेच्या ओळींना ऊन-वारा वेगळा लागतो.