चॅटनूगाबद्दल माझंही थोडं
चॅटनूगा हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं शहर. 'चॅटनूगात काही नाही, कंटाळवाणं गाव' असं कुणीतरी म्हटलं, ते मला अजिबात पटलं नाही. संध्याकाळी वॉलनट स्ट्रीट पुलावर जा. १८९१चा पूल, गाड्यांना बंद. पायाखाली लाकडी फळ्या, खाली संथ टेनेसी नदी. दिवसभराचा शीण तिथेच उतरतो! शिवाय इथल्या सरकारी वीज कंपनीने २०१० मध्येच घरोघरी गिगाबिट इंटरनेट दिलं, त्यावरच माझं घरून काम चालतं.

पगारावर राज्याचा आयकर नाही हे खरं, पण विक्रीकर ९.२५ टक्के, आणि किराणाही करातून सुटत नाही. गाडीवाचून मात्र खरंच अडतं. सासूबाई सहा महिने राहिल्या, तर साधी कोथिंबीर आणायलाही त्यांना आमच्या सुट्टीची वाट बघावी लागली. त्याचं फार वाईट वाटतं.