पालथं झोपवा म्हणणाऱ्यांना उत्तर (आणि सीपीआर म्हणजे फक्त दवाखाना नव्हे)

रंकाळाकाठ:
परवा इथं कुणीतरी सल्ला टाकला: "बाळ दचकत असेल तर पालथं झोपवा, गाढ झोपतं. दूध उलटलं तरी घशात जात नाही. श्वास थांबला तर पाय धरून उलटं करा, पाठीत धपके घाला, लगेच सीपीआर द्या." लोक भराभरा पुढं पाठवायला लागलेत म्हणून लिहितोय. (सीपीआर म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं.)

गाढ झोपतं हे खरं, आणि धोका तिथंच आहे. नाकापुढं उच्छ्वासाची हवा साठली की बाळानं चाळवून मान वळवायला हवी. पालथं बाळ तेवढं सहज जागं होत नाही. दुधाचं तर उलटंच आहे. उताणं असताना श्वासनळी वर, अन्ननळी खाली. आलेलं दूध खालीच परत जातं. पालथं केलं की श्वासनळी खाली येते. अमेरिकेत 1994 साली उताणं झोपवायची मोहीम निघाली, पुढं झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पहिलं वर्षभर, दुपारच्या डुलकीलासुद्धा, उताणंच ठेवायचं. कुशीवरही नको.

उत्तरेश्वरकर:
झाली अमेरिका सुरू. इथं एका खोलीत पाच माणसं झोपतात, बाळाला वेगळा पलंग कुठनं आणायचा? आणि झोळी? तीपण बंद करायची का आता?

रंकाळाकाठ:
वेगळी खोली मागितली कुणी? पहिले सहा महिने तरी खोली आईचीच, अंथरूण तेवढं वेगळं. जमिनीवर आईशेजारी चालतं. हात दाबून काढल्यावर खड्डा राहील असं मऊ काही खाली नको. अंगावर वाकळ तर अजिबात नको, थंडी असेल तर अंगातला एक कपडा वाढवा. तळवे गार लागले म्हणून घाबरू नका, छातीला हात लावून बघा. झोळीत डोळा लागला की उचलून सपाट ठेवा. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट मुडपते, आवाजही होत नाही.

आजीबाईचाबटवा:
आणि मोहरीची उशी? ती काढली की डोकं मागनं चपटं. मग कोण जबाबदार?

पंचगंगाघाट:
चपटं डोकं उशीनं नाही, जागेपणी पोटावर घालून आटोक्यात राहतं. दिवसातनं दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं, कुणीतरी समोर बसून. शिवाय बाळ उजेडाकडं बघतं, म्हणून डोकं-पायाची बाजू रोज बदलायची.

आजीबाईचाबटवा:
म्हणजे पोटावर घालायचंच! मग पोस्टवाल्याचं काय चुकलं?

पंचगंगाघाट:
जागं असताना. झोपेत नाही. एवढा एक शब्द वाचायला काय हरकत होती?

उत्तरेश्वरकर:
थांबा, मला पकडू द्या. सीपीआरच्या शिबिरात तर श्वास देताना बाळाखाली टॉवेलची घडी ठेवायला सांगतात. तेव्हा उशी चालते, झोपताना नाही. हाय का न्याय?

रंकाळाकाठ:
घडी डोक्याखाली नसते भावा, खांद्याखाली असते. बाळाचं डोकं मोठं आणि मागं फुगीर, त्यामुळं सपाट ठेवलं तरी मान पुढं झुकायला बघते. डोक्याखाली मोहरी म्हणजे ती आणखी झुकणार. खांद्याखाली पातळ घडी म्हणजे मान सरळ. मोठ्या माणसासारखी मागं ताणायचीही नाही, तशानं वाट परत बंद. नाक छताकडं, एवढंच.

शाहूपुरीकर:
उशीवर अर्धा धागा गेला, आता सीपीआर. कोल्हापुरात "सीपीआर द्या" म्हटलं की माणसं बाळ उचलून भाऊसिंगजी रोडवरच्या सीपीआर दवाखान्याकडं पळत सुटतात. साधं लिहा की, छाती दाबा, श्वास द्या. आणि शिबिरांचं तर विचारूच नका. हार, नारळ, मोठ्या माणसाचा पुतळा, अर्ध्या तासात प्रमाणपत्र. बाळाचा पुतळा बघितलेलाच नाही अशी माणसं इथं शहाणपण शिकवतात.

मिरजकरतिकटी:
टोमणा कळला. मी शिकवतो, म्हणून लिहितो. तळपाय टिचकून हाक मारा. श्वास आहे का, दहा सेकंदांच्या आत ठरवा. नसेल तर एकानं 108 लावायचा. एकटे असाल तर मोबाईल स्पीकरवर टाकून कामाला लागा. स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, मधोमध, दोन बोटांनी 30 दाब, मग 2 श्वास. दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 4 सेंटीमीटर.

रंकाळाकाठ:
बाकी सगळं बरोबर, दोन बोटं सोडून. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2025 च्या सूचनांत ती काढली. बोटं दमतात, 4 सेंटीमीटर गाठत नाहीत. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग, नाहीतर छातीला दोन्ही हातांनी विळखा घालून अंगठे.

मिरजकरतिकटी:
म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचं शिकवलं म्हणा!

रंकाळाकाठ:
तेव्हा तेच बरोबर होतं. आताही दुसरं येत नसेल तर बोटांनी दाबा, हात बांधून उभं राहू नका.

शाहूपुरीकर:
नुसते दाब दिले तर? मोठ्यांना चालतं म्हणतात.

मिरजकरतिकटी:
श्वास जमतच नसेल तर काहीच न करण्यापेक्षा बरं. पण मोठ्या माणसात बहुतेकदा हृदय आधी बंद पडतं, बाळात श्वास आधी. रक्तातला प्राणवायू संपलेला असतो, मग नुसतं रक्त फिरवून काय होणार? श्वास तुमच्या तोंडात त्याचं तोंड आणि नाक दोन्ही घेऊन. गालात मावेल तेवढीच हवा, एक सेकंद. छाती उचलली की थांबा. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी वर येते. छाती उचललीच नाही तर आधी मान बघा, जोर वाढवू नका.

उत्तरेश्वरकर:
आणि पाय धरून उलटं करणं?

मिरजकरतिकटी:
ते कधीच नाही. घशात अडकलंय, रडता-खोकताही येत नाही, पण शुद्ध आहे, अशा वेळी कोपरापुढच्या हातावर पालथं धरा, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत. खांद्यांच्या मधे 5 थापट्या, उताणं करून छातीवर 5 दाब, आळीपाळीनं. पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. न दिसणारी वस्तू बोटानं चाचपायची नाही, ती आणखी आत जाते. शुद्ध गेली की वरचं 30 आणि 2.

उत्तरेश्वरकर:
बरं. तुमच्या अमेरिकेचं एवढं मान्य. झोळीचं मात्र घरात तुम्हीच येऊन सांगा.

आजीबाईचाबटवा:
मोहरी काढली उशीतनं. आता फोडणीला तरी घालू देता का?